आपल्याहून बुटकी सावली

अड्याळच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रेची खोली जिन्याखाली आहे.
तिला खिडकी नाही. म्हणजे होती,
काळा कागद डकवून सतरा वर्षं झाली.
मी दिवसभर माणसांना सांगतो,
श्वास रोखा. हलू नका. झालं.

पुस्तकला शहारे, वय एकोणचाळीस,
भिंत धरत आली, बदकासारखी डुलत.
"मांड्या ठणकतेत भाऊ.
खाली बसलं का उठता येत नाई,
आन बसल्याबिगर पोट भरत नाई."
बोटांवर पानाचा काळपट डाग, नखांत तंबाखू.
दिवसाला आठशे विड्या,
मागच्या खोलीत, दार लोटून.
दार उघडलं की वाऱ्यानं तंबाखू उडते.

फिल्म उजेडापुढं धरली.
हाडं फिकी, पाणी जास्त झालेल्या चुन्यासारखी,
आणि खुब्यापाशी दोन्ही अंगांना
एकेक बारीक रेघ, बरोबर समोरासमोर,
पेन्सिलीनं आखून कुणी पुसायची विसरलं तशी.
ही रेघ मी ओळखतो.
तीन वर्षांत अकरा वेळा पाहिली,
त्यात नऊ जणी विडीवाल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या अंगाला ऊन कमी पडतं.
पुस्तकला हसली. इतकी हसली
की मांडी दाबून धरावी लागली.
"तपन कमी? इथं?
मे महिन्यात आमच्या गावात कावळा मरून पडते, मॅडम.
भंडाऱ्यात तपनीचा तोटा म्हंजे
वैनगंगेत मासोळी तहानेनं मेली म्हना."

मग हसू ओसरलं. म्हणाली,
"फळीवर तेंदूची पुडकी वाळत घालतेत ना,
दोन्ही अंगाले तपन लागली का नाई
ते पाहून पाहून उलटवतेत.
आमाले कोन उलटवते?"

बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.
नंतर कागदावर लिहून दिलं,
आठवड्याला एक पुडी, दुधातून. चुन्याच्या गोळ्या.
आणि ऊन, पण सकाळचं कोवळं नव्हे,
काचेतून आलेलं तर नाहीच.
अंगणात उभं राहायचं, सावली बघायची.
आपल्याहून बुटकी असेल तेव्हा
हातपाय उघडे टाकून थोडा वेळ.
उन्हाळ्यात ती नऊलाच बुटकी होते,
तेव्हाच उरकून आत यायचं, भाजून घ्यायचं नाही.
पौषात भर दुपारी जेमतेम आपल्याएवढी,
तेव्हा जरा जास्त वेळ.

मी दारात उभा राहून ऐकत होतो.
माझ्या यंत्राचा किरण
कातडी, मांस, सगळं ओलांडून हाडापर्यंत जातो,
हाडाची सावली घेऊन परत येतो,
हाडाला काही देत नाही.
आणि हा दुसरा, उन्हातला, डोळ्याला न दिसणारा,
कातडीतच अडतो. ओढणीचं सूतही त्याला जड.
पण अडतो तिथं काहीतरी ठेवून जातो,
ते काळजाखालच्या यकृताकडं, तिथून मूत्रपिंडाकडं,
दोन कचेऱ्यांचे शिक्के घेत फिरतं,
तेव्हा कुठं जेवणातला चुना हाडाला लागतो.
सतरा वर्षं मी किरणांचा माणूस म्हणवतो.
हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

"तुम्हीही रक्त द्या," बाई मला म्हणाल्या.
तीस हवं होतं. अकरा निघालं.

पुस्तकलाला तीन महिन्यांनी बोलावलं होतं.
ती तारीख होऊन गेली.
ती रेघ भरली की रुंदावली, मला माहीत नाही.
विडीच्या ठेक्याचा मुनीम बँडेज बदलायला आला,
तो सांगत होता, शहारेबाईनं
अंगणात तुराट्यांचा आडोसा केला,
वर छप्पर नाही, वेडीच आहे,
दुपारी लुगडं गुडघ्यावर घेऊन आत बसते,
सुपावर ओलं फडकं टाकून पानं कातरते.

जेवणाच्या सुट्टीत मी बोअरिंगपाशी जातो,
बाह्या कोपरापर्यंत दुमडतो,
पायांकडं बघत उभा राहतो.
शिपाई विचारतो, काय पडलं, भाऊ?
मी म्हणतो, हलू नको जरा.
तुझी पण मोजतो.